लालपरीने साठीनंतरची डोंगरवाट: मराठवाड्यातल्या गड-लेण्यांसाठी एसटी कितपत कामाची?

निवृत्त माणसाला गड-लेण्यांच्या पायथ्याशी नेऊन संध्याकाळी घरी आणून सोडायला एसटीची साधी गाडी पुरते का, एवढंच या परीक्षणात पाहिलं आहे. निकाल आधीच सांगतो. पैशांच्या बाबतीत एसटीला तोड नाही. वेळेच्या बाबतीत ती तुमच्याकडून तयारी मागते, आणि फाट्यापासून पायथ्यापर्यंतच्या शेवटच्या दोन-चार किलोमीटरची सोय तुमची तुम्हालाच करावी लागते. म्हणून कुठल्याही सहलीचं नियोजन परतीच्या गाडीपासून उलटं करत यायचं. हे एक सांभाळलं तर मराठवाड्यात पेन्शनवर मनसोक्त डोंगर चालता येतात.

आधी सवलती, कारण त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. 75 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, पुरुष असो की बाई, राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे. 'अमृत ज्येष्ठ नागरिक' नावाची ही योजना 26 ऑगस्ट 2022 पासून सुरू झाली. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. बायकांना मात्र वयाची अट नाही, 17 मार्च 2023 पासून सगळ्याच वयाच्या महिलांना अर्धं तिकीट लागतं. म्हणजे अडचण उरते ती 58 किंवा 60 ला निवृत्त झालेल्या पुरुषाची. 65 पूर्ण होईपर्यंत त्याला पूर्ण भाडं पडतं आणि शेजारी बसलेल्या बायकोला अर्धं. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरूनच चाला.

75 च्या पुढच्यांनी एक लक्षात ठेवायचं, प्रवास फुकट असला तरी तिकीट घ्यावंच लागतं. वाहक शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. ते उतरेपर्यंत जपून ठेवा, तपासणीस चढला तर तेच दाखवायचं असतं. सीट आधी राखून ठेवली तर आरक्षणाचा आकार वेगळा द्यावा लागतो. शहर बसला यातलं काही लागू नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत हद्दीपासून पुढचं भाडं भरावं लागतं. उमरग्याकडून पुढे कर्नाटकात किंवा देगलूरकडून तेलंगणात जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

ओळखपत्राची एक बारीक गोष्ट. बऱ्याच जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्माचं साल असतं, तारीख नसते. 65 किंवा 75 च्या उंबरठ्यावर असाल तर त्यावरून गाडीत घोळ होऊ शकतो. पूर्ण जन्मतारीख असलेलं मतदार ओळखपत्र, पॅन किंवा वाहन परवाना जवळ ठेवा, आणि सवडीने आधारवरची तारीखही दुरुस्त करून घ्या.

आता भाडं. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि 6 किलोमीटरचा एक टप्पा धरतात. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के वाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण 10 रुपये पडतात. छत्रपती संभाजीनगर ते अजिंठा लेणी म्हणजे शंभरेक किलोमीटर, सतरा टप्पे. पूर्ण तिकीट पावणेदोनशेच्या आत, अर्धं नव्वदच्या आत. देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, तर तीन टप्प्यांवर आहे. 67 चे काका आणि 63 च्या काकू जाऊन-येऊन साठ-सत्तर रुपयांत भागवतात. किल्ल्याचं तिकीट माणशी 25 रुपये, म्हणजे डबा घरचा असेल तर दोघांचा अख्खा दिवस दीडशे रुपयांत होतो. मोटारीने हेच करायचं म्हटलं तर पेट्रोल आणि पार्किंगमध्येच याच्या पुढे जाल.

'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही एसटी देते. तो घ्यावा का? अर्ध्या तिकिटाला पात्र असाल तर बहुतेक वेळा नको, कारण पासाचे पैसे वसूल करायला रोज इतकं अंतर कापावं लागतं की डोंगर चढायला दिवस उरत नाही. 65 च्या आतल्या पुरुषाने चार दिवसांत संभाजीनगर, बीड, तुळजापूर, नळदुर्ग, लातूर, नांदेड असा मोठा फेरा काढला तरच हिशोब जमू शकतो. आधी टप्पे मोजा, दहाने गुणा आणि पासाच्या चालू दराशी ताडून पाहा.

रेल्वेचंही इथेच सांगतो. ज्येष्ठांची तिकीट सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये बंद केली, ती परत आलेली नाही. तरीही संभाजीनगर ते परभणी, नांदेड असा लांबचा पल्ला 65 च्या आतल्या पुरुषाला दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून एसटीपेक्षा स्वस्त पडतो, आणि गाडीत स्वच्छतागृह असतं. साठीनंतर लघवीला वारंवार जावं लागणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही. शयनयान काढलंत तर 60 च्या पुढच्या पुरुषांना आणि 45 च्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा असतो, तिकीट काढताना तोच निवडा. लांबचा पल्ला रेल्वेने आणि शेवटचा तुकडा एसटीने, ही जोडी मला सगळ्यात पटते.

परतीची गाडी हा या सेवेतला खरा कच्चा दुवा. स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीवर नुसतं "शेवटची गाडी किती वाजता" असं विचारून थांबू नका. तिच्या आधीची कोणती तेही विचारा, आणि मनात ती आधीची पकडायची धरा. शेवटची गाडी राखीव समजा. मोठ्या स्थानकावरचा मास्तर तिथून सुटणारी वेळ सांगेल. तुम्हाला ती गाडी फाट्यावर कधी येते ते हवं असतं. ते जाताना वाहकालाच विचारायचं, "परत येताना ही गाडी इथे किती वाजता येते?" त्याच्याइतकं नेमकं उत्तर दुसरं कोणी देत नाही.

खेड्यातल्या फेऱ्यांचं गणित शाळेवर बसवलेलं असतं. सकाळी पोरं शाळेत जायच्या वेळी एक आणि संध्याकाळी सुटल्यावर एक. त्यामुळे रविवारी, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत यातल्या काही फेऱ्या निघतच नाहीत. शहरातल्या माणसाला रविवार सोयीचा, पण आडवळणाच्या किल्ल्याला रविवारीच गाडी कमी. निवृत्त माणसाला मधले वार मोकळे असतात, तेच धरावेत, लेण्यांत गर्दीही कमी मिळते. आषाढीच्या आसपास बऱ्याच आगारांच्या गाड्या पंढरपूरकडे वळवतात, तेव्हा तो आठवडा घरीच बरा. उलट जिथे जायचं त्या गावाचा आठवडी बाजार असेल तर त्या दिवशी काळीपिवळ्या आणि टमटम भरपूर धावतात, फाट्यावर ताटकळावं लागत नाही. मात्र काळीपिवळीत सवलत नाही आणि ती भरल्याशिवाय हलत नाही.

'मुक्कामी गाडी'चाही उपयोग करून घ्या. ही गाडी रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे तालुक्याला परत निघते. गावात राहायची सोय झाली तर रात्री तिने जायचं आणि उजाडताच चालायला लागायचं. ऊन तापायच्या आत गड उतरून होतो.

आता ठिकाणं. सुरुवात देवगिरीपासून करा, कारण आपला दम आणि गुडघे किती साथ देतात ते इथे स्वच्छ कळतं. संभाजीनगरच्या मध्यवर्ती स्थानकातून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या गाड्या किल्ल्याच्या दाराशी सोडतात. धुळे-चाळीसगावच्या लांब पल्ल्याच्या गाडीत चढण्याआधी "दौलताबादवरून जाते का" हे विचाराच, कारण काही गाड्या नव्या महामार्गाने बाहेरून जातात.

या किल्ल्याचे चालण्याच्या दृष्टीने तीन भाग पडतात. पहिला भाग दारापासून चिनी महालापर्यंत. वाट रुंद आहे, चढ हलका आहे. हत्ती हौद, भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी खांबांची जुनी वास्तू आणि पंधराव्या शतकातला चांद मिनार इथेच. गुडघे कुरकुरत असतील तर इथपर्यंतच जा, तरीही तास-दीड तास आनंदात जातो. दुसरा भाग खंदकावरचा पूल आणि अंधारी. कातळात खोदलेला हा वळणावळणाचा भुयारी जिना शत्रूला चकवण्यासाठीच केलेला आहे. पायऱ्या उंच-सखल, आत वटवाघळं, त्यांच्या विष्ठेने पायऱ्या निसरड्या आणि वासाने श्वास कोंडतो. मोबाइलचा उजेड इथे कामाचा नाही, कारण एक हात काठीला आणि दुसरा भिंतीला लागतो. कपाळावर बांधायची बॅटरी हवी. दमा असलेल्यांनी तोंडावर रुमाल बांधून जाण्यापेक्षा इथूनच परत फिरावं. तिसरा भाग अंधारीपासून बारादरीपर्यंत आणि तिथून माथ्यापर्यंत. खरा चढ हाच, सलग पायऱ्यांचा आणि बराचसा उन्हातला. बारादरीच्या सावलीत बसून मगच वर जायचं की नाही ते ठरवा. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे आणि माथ्यावर तोफ. एकनाथांचे हे गुरू या किल्ल्याचे किल्लेदार होते, त्यामुळे पैठणकडची मंडळी श्रद्धेने वरपर्यंत जातात.

पूर्ण किल्ल्याला साठीच्या माणसाने चार तास धरावेत. सकाळी दार उघडताना आत आणि अकराच्या आत बारादरीवर, असं जमलं तर उतरण सोसवते. माकडं आहेत. हातात पिशवी दिसली की ती येतात, म्हणून खाणं पाठीवरच्या पिशवीत आणि चेन पूर्ण लावलेली.

वेरूळला त्याच रस्त्याने पुढे पंधरा किलोमीटर. मंगळवारी बंद असतं. 34 लेण्यांचा पसारा दोनेक किलोमीटर लांब आहे आणि 16 क्रमांकाचं कैलास लेणं मधोमध येतं. सगळे आधी तिथे घुसतात आणि दमून परत जातात. त्यापेक्षा दक्षिणेकडून सुरू करा. 10 आणि 12 पाहा, मग कैलास, मग 29, आणि शेवटी जैन लेण्यांतलं 32. कैलासाच्या बाजूने डोंगरावर चढणारी वाट आहे. वरून अख्खं मंदिर एका कातळातून कसं खाली खोदत नेलं ते दिसतं, दहा मिनिटांच्या चढाला ते नक्की परवडतं. कडेपासून चार हात लांब उभं राहा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तर जाऊच नका. घृष्णेश्वर लेण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परतीची गाडी वेरूळच्या चौकातून मिळते. दोन्ही कामं एकाच दिवशी होतात, पण देवगिरी आणि वेरूळ एकाच दिवशी पायी करायचा मोह टाळा. गुडघे दुसऱ्या दिवशी हिशोब मागतात.

अजिंठ्याला सगळ्यात जास्त चुकतं ते उतरण्याचं ठिकाण. अजिंठा गाव वेगळं आणि लेणी वेगळी, दोन्हींत दहाएक किलोमीटरचं अंतर आणि मध्ये घाट. वाहकाकडे "अजिंठा" मागितलं की तो गावाचं तिकीट देतो. "अजिंठा लेणी, टी पॉइंट, फर्दापूरच्या आधी" असं सांगा. जळगाव, भुसावळकडच्या गाड्या तिथे थांबतात. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्याच शटल बसने जायचं, तिचं तिकीट वेगळं. लेणी सोमवारी बंद. नऊला उघडतात आणि संभाजीनगरहून अडीच-तीन तास लागतात, म्हणून सहाच्या सुमाराची गाडी धरा. परत निघताना आधी शटलची रांग आणि मग महामार्गावरच्या गाडीची वाट, या दोन्हींचा मिळून तासभर धरावा.

सुरुवातीच्या पायऱ्या चढल्या की पुढची वाट घोड्याच्या नालासारख्या दरीच्या कडेने बरीचशी सपाट आहे, अधूनमधून चार-दोन पायऱ्या. चढवत नसेल त्यांना डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवा. 1, 2, 16, 17 या चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. नाड्यांचे बूट दर लेण्याला वाकून सोडण्या-बांधण्यात कंबर जाते, म्हणून इथे तरी मागे पट्टा असलेली, चांगल्या तळाची सँडल घाला आणि जाड मोजे जवळ ठेवा. आत अंधार ठेवलेला असतो. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, मगच उंबरठा ओलांडा. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवलेल्यांना उंबरठे दिसत नाहीत आणि पडतात ते तिथेच.

चालण्याची हौस असलेल्यांसाठी अजिंठ्यातला खरा भाग समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट आहे. वाघूर नदी ओलांडून पायऱ्यांनी वर जायचं. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी पहिल्यांदा दिसली ती या बाजूने. चढ दमवतो, सावली जवळजवळ नाही. सकाळी लेण्यांत जाऊन दुपारी इथे चढणारे उन्हाने हैराण होतात. नोव्हेंबर ते जानेवारी सोडून इतर वेळी हा भाग वगळला तरी चालेल.

वेताळवाडी हा या यादीतला सगळ्यात डोंगरी किल्ला, सोयगाव तालुक्यात. तटबंदी, बुरूज, दरवाजे चांगल्या स्थितीत आहेत. सोयगावपर्यंत एसटी, पुढे रिक्षा ठरवून, परतीचं भाडंही त्यातच बोलून. हळद्याच्या घाटरस्त्याच्या बाजूने चढ कमी पडतो. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढतं आणि वाट हरवते, म्हणून वाडीतला माणूस सोबत घ्या आणि त्याला योग्य मजुरी द्या. एकट्याने इथे जाऊ नये, हे ठाम मत आहे. पितळखोऱ्याचंही तसंच. कन्नडपासून पुढे वाहन ठरवल्याशिवाय निघू नका, आणि दरीत उतरलेलं सगळं परत चढायचं असतं हे उतरतानाच लक्षात ठेवा.

गुडघ्यांना सगळ्यात मानवणारा किल्ला म्हणजे नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असल्याने गाड्यांना तोटा नाही, परतीची काळजी जवळजवळ संपते. किल्ला विस्तीर्ण आहे पण बराचसा सपाट. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात केलेला पाणी महाल, नर-मादी धबधबे, उपळी बुरूज. चढ असा फक्त त्या बुरुजाचा. धबधबे मात्र बोरी भरून वाहिली तरच दिसतात. नुसत्या छायाचित्रावर विसंबून हिवाळ्यात जाणाऱ्यांची निराशा होते. जोरदार पाऊस झाल्याचं कळल्यावर चार-आठ दिवसांत जा. मुक्काम तुळजापूरला भक्त निवासात केला की खर्च आटोक्यात राहतो, नवरात्र आणि पौर्णिमा टाळून.

बालाघाटात सौताडा आहे, पाटोदा तालुक्यात, बीडहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. विंचरणा नदी दरीत कोसळते आणि तळाशी रामेश्वराचं मंदिर. वरून धबधबा पाहून परतणं सोपं. खाली पायऱ्यांनी उतरलात तर ओल्या पायऱ्यांवर काठीशिवाय नको. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात. कपिलधारही त्याच ऋतूत, मांजरसुंब्याजवळ. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारी वाट सकाळच्या फेरफटक्याला उत्तम, आणि हत्तीखाना लेणी गावालगतच. उदगीर, औसा, परांडा, कंधार हे भुईकोट, गावातच आहेत, स्थानकातून चालत किंवा रिक्षाने. चढ नको असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी.

माहूरसाठी नांदेडचा मुक्काम धरा. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत राहणं स्वस्तात होतं आणि लंगर सगळ्यांसाठी खुला आहे. डोकं झाकून, पंगतीत बसून जेवायचं, ताटात घेतलेलं टाकायचं नाही, आणि जमेल तशी सेवा किंवा देणगी द्यायची. माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया ही तीन शिखरं. भाविक तिन्ही एका दिवसात करतात. साठीच्या माणसाने दोन दिवसांत विभागावीत, एक रात्र माहूरला काढून.

या सगळ्यात पैसे कुठे घालावेत? बूट आणि काठी, बाकी घरचंच चालतं. घडीच्या ट्रेकिंग काठ्या साधारण 65 ते 135 सेंटिमीटरपर्यंत वाढतात. सपाटीवर उभं राहून मूठ धरली की कोपर काटकोनात यावा, ही तुमची उंची. चढताना पाच-सात सेंटिमीटर कमी करा, उतरताना तेवढीच वाढवा. नळीवर थांबा खूण असते, तिच्या पुढे काढली तर भार पडताच सांधा वाकतो. पिळून घट्ट करायच्या काठीपेक्षा बाहेरून खटका दाबायची घ्या. पिळायच्या काठीत आपल्याकडची धूळ शिरते, आतला प्लास्टिकचा तुकडा गुळगुळीत होतो आणि नेमकी उतारावर काठी आत सरकते. तिला तेल कधी लावू नका, तेलाने तर ती आणखी घसरते. पावसातून आणली की तुकडे वेगळे करून वाळवा.

टोकाचा रबरी बूट हाताने ओढून पाहा. काळ्या कातळावर हाच पकड देतो, उघडं पोलादी टोक घसरतं आणि लेण्यांच्या जमिनीवर ओरखडेही पाडतं. पण रबर उन्हाने चिरतं आणि चिखलात निघून पडतं, म्हणून एक जादा रबर खिशात असावं. मुठीचा पट्टा वरून नाही, खालून हात घालून धरायचा, मग भार मनगटावर येतो आणि बोटं आखडत नाहीत. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. चढताना धडका पाय आधी वर, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली. एवढा नियम अंगवळणी पडला तरी देवगिरीची उतरण निम्मी हलकी वाटते. घडीची काठी एसटीत सामानाच्या फळीवर मावते. वेळूची काठी स्वस्त आणि भक्कम आहे, पण गर्दीच्या गाडीत ती कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. साध्या गाडीची पहिली पायरी उंच असते. चढताना काठी आधी आत द्या आणि दोन्ही हातांनी दांडे धरा.

पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. पण मार्च ते जूनमध्यापर्यंत मराठवाड्यात डोंगर चढूच नयेत हा माझा सल्ला. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस कालवा, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हात पाणी आणि मीठ झपाट्याने उतरतं, चक्कर येते. मोसम सुरू होण्याआधी डॉक्टरांना गोळीच्या वेळेबद्दल विचारून घ्या, मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज, पिशवीत नाही, खिशात. डब्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दुधात भिजवलेली दशमीही दिवसभर टिकते. दही मात्र दुपारच्या उन्हाला आंबून जातं. लेण्यांच्या कपारीत आग्यामोहळं असतात, तेव्हा अत्तर, सेंट लावून जाऊ नका आणि जवळ धूर होऊ देऊ नका.

गुण द्यायचेच तर खर्चाला पाचपैकी पाच, मोठ्या रस्त्यावरच्या ठिकाणांना गाड्यांच्या सोयीसाठी चार, आडवाटेच्या किल्ल्यांना दोन. फाट्याफाट्यांवर परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहिलेली साधी पाटी आणि बसायला बाक एवढं जरी झालं तरी दोनाचे साडेतीन होतील, आणि त्याला खर्चही फार नाही. गाडीतली तक्रार-सूचनांची वही वाहकाकडे किंवा आगारात मागता येते. पाटी कुठल्या फाट्यावर हवी ते गाव, तालुका आणि फेरीच्या वेळेसकट तिच्यात लिहा. नुसतं "सोय करावी" असं लिहिलं तर आगार व्यवस्थापकाला पुढे काही करता येत नाही.